अर्थ राहू द्या, स्वप्नातला ‘मी’ लिहा: च्वांग-त्सूच्या वाटेने स्वप्नांची वही

स्वप्न पडलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचा अर्थ काय? साप दिसला म्हणजे काय, दात पडले म्हणजे काय, गेलेलं माणूस येऊन काही न बोलता बसलं म्हणजे काय. च्वांग-त्सू या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाचा ग्रंथ वाचायला लागल्यापासून मी हा प्रश्न बाजूला ठेवते आणि त्याच्या जागी दुसरा विचारते: स्वप्नात मी कोण होते? या एका प्रश्नाभोवती वही कशी ठेवायची आणि तिचं पुढे काय करायचं, ते इथे सांगते.

मी नर्स आहे. रात्रपाळ्या बऱ्याच असतात, त्यामुळे माझी झोप दुपारची, जाड पडद्याआडची. ही झोप तुटत तुटत येते, आणि तुटलेल्या झोपेतलं स्वप्न जास्त लक्षात राहतं. डोळे उघडल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ, ड्यूटी झाली की व्हायची आहे, हे क्षणभर कळत नाही. तो क्षण मला पूर्वी त्रासदायक वाटायचा. आता माझी वही त्याच क्षणावर चालते.

आधी फुलपाखराची गोष्ट नीट वाचा

च्वांग-त्सू हा इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला, सोंग राज्यातल्या मंग गावचा. मूळ नाव च्वांग चौ. इतिहासकार स्स-मा छ्येन सांगतो की तो तिथल्या लॅकरच्या, म्हणजे रोगण देणाऱ्या झाडांच्या, बागेत छोटा अधिकारी होता. त्याच्या नावाचा ग्रंथ आज ३३ प्रकरणांचा आहे. ही मांडणी इ.स. ३१२ मध्ये वारलेल्या कुओ श्यांग या भाष्यकाराची. त्याआधीची प्रत ५२ प्रकरणांची होती, अशी हान राजवटीच्या काळातली नोंद आहे. पहिली सात प्रकरणं ग्रंथाचा गाभा मानली जातात, आणि फुलपाखराचं स्वप्न दुसऱ्या प्रकरणाच्या अगदी शेवटी येतं.

गोष्ट मोजक्या वाक्यांची आहे. च्वांग चौला स्वप्न पडलं की आपण फुलपाखरू आहोत, मजेत भिरभिरतोय, मनासारखं चाललंय. त्या फुलपाखराला चौ माहीतच नव्हता. अचानक जाग आली, आणि तो पुन्हा अगदी ठसठशीत चौ होता. मग त्याला कळेना: चौला फुलपाखराचं स्वप्न पडलं होतं, की फुलपाखराला आता चौचं स्वप्न पडतंय? बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात. मूळ मजकूर थांबत नाही. पुढे तो म्हणतो, चौ आणि फुलपाखरू यांच्यात काही भेद असलाच पाहिजे, आणि यालाच वस्तूंचं रूपांतर म्हणतात.

हे शेवटचं वाक्य सोडू नका, कारण ते सोडलं की गोष्ट आपल्या ओळखीच्या खोबणीत जाऊन बसते. जग म्हणजे स्वप्न, सगळी माया, हे आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं असतं. च्वांग-त्सू ते म्हणत नाही. फुलपाखरू खोटं आणि चौ खरा असं तो ठरवत नाही, दोघंही खोटे आणि त्यांच्या मागे एक तिसरं खरं, असंही नाही. दोघंही आपापल्या वेळी पूर्ण आहेत. फुलपाखरू असताना फुलपाखरू, चौ असताना चौ. ‘मी’ नावाची कायमची गाठोडी या रूपातून त्या रूपात उचलून नेलेली त्याच्या मजकुरात मला कुठे दिसत नाही. माझी सगळी वही या वाचनावर उभी आहे.

उठल्यावर पहिली काही मिनिटं

वही आणि पेन्सिल उशीशी ठेवा. फोनवर लिहू नका. फोन हातात घेतला की त्यावर तुमचं नाव, तुमची कामं, तुमच्यासाठी आलेले निरोप असतात, आणि तुम्ही ताबडतोब जागे असतानाचे ‘तुम्ही’ होता. आपल्याला तर तोच बदल पाहायचा आहे.

जाग आल्यावर हलू नका. डोळे मिटलेले राहू देत. कोणी हाक मारली तर हुंकार द्या, बोलू नका. स्वप्नाची गोष्ट आठवण्याआधी अंगाची आठवण पकडा: उंची किती होती, हात कसे होते, काय येत होतं, कशाची भीती नव्हती. गोष्ट नंतरही सापडते, ही अंगाची खूण मात्र फार लवकर पुसली जाते.

मग लिहा. ‘मला स्वप्न पडलं की मी…’ अशी सुरुवात करू नका. त्या वाक्यात जागा झालेला माणूस आधीच मालक होऊन बसतो. थेट वर्तमानकाळात लिहा, आणि क्रियापदाचं लिंग स्वप्नातलं ठेवा. ही सोय मराठीत आयती आहे. मी एकदा स्वप्नात म्हातारा नावाडी होते, आणि वहीत असं लिहिलं आहे: ‘मी नाव किनाऱ्याला लावतोय. उजवा गुडघा दुखतो. दोर भिजलेला आहे, गाठ पक्की बसणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी दोन वेढे जास्त देतो.’ ‘लावतेय’ लिहिलं असतं तर तो नावाडी वहीत आलाच नसता, नावाड्याच्या जागी उभी केलेली मी आले असते. पाखरू असाल तर ‘मी उडतंय’ लिहा. वाचताना विचित्र वाटतं, पण ते खरं असतं.

आता अंग तपासा

लिहून झाल्यावर उठून बसा आणि शरीर तपासा. हे मी लिए-त्सू या, च्वांग-त्सूसारख्याच ताओवादी (‘ताओ’ म्हणजे मार्ग, तो मानणाऱ्या चिनी परंपरेतल्या) दुसऱ्या ग्रंथाकडून घेतलं आहे. त्याचं तिसरं प्रकरण जवळजवळ पूर्ण स्वप्नांवर आहे. तिथे सहा प्रकारची स्वप्नं दिली आहेत: साधी, दचकवणारी, विचारातून आलेली, जागेपणाच्या आठवणीतून आलेली, आनंदाची आणि भीतीची. त्यापुढची यादी तर एखाद्या वैद्यानं केलेली वाटते. शरीरातलं यिन, म्हणजे थंड-ओलं तत्त्व, वाढलं की मोठ्या पाण्यातून चालण्याचं स्वप्न पडतं, यांग, म्हणजे उष्ण तत्त्व, वाढलं की आगीतून. पोट भरलेलं असेल तर माणूस स्वप्नात देतो, उपाशी असेल तर घेतो. अंगाखाली पट्टा ठेवून झोपलं तर साप दिसतो, आणि पक्ष्यानं केस चोचीत धरले तर उडण्याचं स्वप्न पडतं.

माझ्या नावाड्याच्या वेळी मी ड्यूटीवरून येऊन तशीच आडवी झाले होते. ओळखपत्राची फीत मनगटाभोवती गुंडाळलेली होती आणि घामानं ओली झाली होती. भिजलेल्या दोराचं कारण मिळालं. मी त्या पानाखाली ‘फीत, उजवं मनगट’ एवढंच लिहिलं.

ही तपासणी मी कधीच गाळत नाही, आणि तुम्हीही गाळू नका. ती केली नाही तर प्रत्येक सापात संकेत दिसायला लागतात. पण ती झाल्यावर काय उरतं तेही पाहा. फितीमुळे दोर आला, हे पटतं. दोन वेढे जास्त द्यायचं शहाणपण आणि त्या म्हाताऱ्याचा गुडघा मात्र फितीत नव्हता. सगळ्यात मोठी गोष्ट, मी तो असताना मला माझी अजिबात उणीव भासली नाही. फुलपाखराला चौ माहीत नव्हता, तसंच हे. पानावर याच्याखाली रेघ ओढा.

समोरच्याला बोलू द्या

रोजच्या स्वप्नांत आपण बहुधा आपणच असतो, तीच नोकरी, तीच घाई. तेव्हा ‘मी कोण होते’ याचं उत्तर सपक येतं. अशा वेळी च्वांग-त्सूच्या चौथ्या प्रकरणातला शी नावाचा सुतार कामाला येतो.

शी आपल्या शिष्याला घेऊन ची राज्यात चाललेला असतो. वाटेत भूमिदेवतेच्या ठाण्याजवळ ओकचं एक अवाढव्य झाड आहे, हजारो बैल सावलीत बसतील एवढं. बघ्यांची जत्रा भरली आहे. शी मान वर करूनही बघत नाही. शिष्य डोळे भरून पाहतो आणि धावत येऊन विचारतो, एवढं लाकूड, आणि तुम्ही थांबलाही नाहीत? शी म्हणतो, निकामी आहे ते. नाव केली तर बुडेल, शवपेटी केली तर कुजेल, दार केलं तर चीक गळेल, खांब केला तर कीड लागेल. काही होत नाही म्हणून तर एवढं जगलं.

रात्री ते झाड त्याच्या स्वप्नात येतं. विचारतं, तू मला कशाशी ताडून पाहतोस? फळझाडांशी? त्यांच्या फांद्या मोडतात, ती ओरबाडली जातात, त्यांचा उपयोगच त्यांच्या मुळावर येतो. मी कितीतरी काळ निरुपयोगी व्हायचा प्रयत्न करत होतो, आता कुठे ते साधलं, आणि तोच माझा मोठा उपयोग आहे. शिवाय तू आणि मी, दोघंही वस्तूच. एका वस्तूनं दुसरीचा निवाडा करायचा हे काय?

या गोष्टीवरून करायचं ते असं. स्वप्नात जे कोणी किंवा जे काही तुमच्यासमोर होतं, त्याच्या बाजूनं पाच-सहा ओळी लिहा, प्रथमपुरुषात. माणूस असलंच पाहिजे असं नाही. मला वॉर्डातली खाटा मोजण्याची स्वप्नं पडतात. पाळी बदलताना आम्ही भरलेल्या किती, रिकाम्या किती हे सांगतो, ते झोपेतही चालू राहतं. एका दुपारी मी खाटेच्या बाजूनं लिहिलं: ‘तू मला रिकामी म्हणतेस. चादर ताणलेली आहे, खिडकीचा उजेड पायथ्यापर्यंत आलाय, माझ्यावर कुणाचं दुखणं नाही. रिकामी ही तुझ्या कागदावरची गोष्ट आहे.’

हे लिहिताना ‘माझं अबोध मन मला सांगतंय’ वगैरे वळणावर जाऊ नका. खाट ही माझ्या थकव्याचं प्रतीक, असं म्हटलं की ती पुन्हा माझीच होते. सुतारानं झाडाला आपल्या मनाचा भाग म्हटलं नाही. त्यानं ऐकून घेतलं. सकाळी शिष्य शंका काढायला लागला, की झाडाला निरुपयोगीच व्हायचंय तर ते देवस्थानाचं झाड कशाला झालं? शीनं त्याला तिथेच थांबवलं: गप्प, बोलू नकोस. मी शहाण्या मैत्रिणींना स्वप्न सांगत नाही ते याच कारणानं. त्या लगेच अर्थ सांगतात.

अर्थ सांगणारी स्वप्नं या ग्रंथात नाहीत असं नाही. सव्विसाव्या प्रकरणात सोंगच्या युआन राजाच्या स्वप्नात केस मोकळे सोडलेला एक माणूस दारातून डोकावतो आणि म्हणतो, मला कोळ्यानं पकडलंय. शकुन पाहणारे सांगतात, ते दैवी कासव आहे. कासव सापडतं, राजापुढे येतं, मारलं जातं, आणि त्याच्या पाठीवर ७२ वेळा भविष्य पाहिलं जातं, एकदाही चुकत नाही. ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी यावरचा शेरा आहे: या कासवाला राजाच्या स्वप्नात जाता आलं, पण कोळ्याच्या जाळ्यातून सुटता आलं नाही. संकेत अचूक वाचला गेला आणि जीव गेला. अर्थाच्या मागे लागावंसं वाटलं की मी हे प्रकरण उघडते.

जागेपणी काय करायचं

दर काही दिवसांनी वही चाळा, आणि गोष्टी न वाचता फक्त ‘मी’ वाचा: नावाडी, शाळकरी मुलगा, कुणाची तरी सासू, पाणी. मग त्या दिवसाचे जागेपणीचे ‘मी’ त्याच यादीत लिहा. वॉर्डात मी ‘सिस्टर’ असते, घरी पोचल्यावर वेगळ्याच आवाजात बोलते, वरिष्ठांसमोर माझी मान जराशी खाली जाते. यांतल्या प्रत्येकीला बाकीच्या फारशा आठवत नाहीत. दोन्ही याद्या एकाखाली एक आल्या की दिसतं: रूप बदलणं हा झोपेचा खास प्रकार नाही, दिवसभर तेच चाललेलं असतं. च्वांग-त्सूच्या सहाव्या प्रकरणात कन्फ्यूशियस आपल्या येन ह्वे या शिष्याला म्हणतो, स्वप्नात पक्षी होऊन तू आकाशात जातोस, मासा होऊन खोल पाण्यात शिरतोस. आत्ता हे बोलणारे आपण जागे आहोत की स्वप्नात, कोण जाणे.

यातून हाताला काय लागतं? लिए-त्सूमधली यिन आडनावाच्या श्रीमंताची गोष्ट याचं उत्तर देते. त्याच्याकडे एक थकलेला म्हातारा नोकर आहे, दिवसभर राबवला जातो, आणि रोज रात्री स्वप्नात राजा असतो. कुणी कीव केली तर तो म्हणतो, आयुष्य शंभर वर्षांचं धरलं तर निम्मं दिवस, निम्मं रात्र. दिवसा मी नोकर, रात्री राजा, तक्रार कशाची? मालक दिवसभर पैशाच्या विवंचनेत, आणि रात्री स्वप्नात तोच नोकर, शिव्या आणि फटके खाणारा. शेवटी एक मित्र त्याला समजावतो. मग मालक नोकरांचं काम हलकं करतो, स्वतःच्या काळज्या कमी करतो, आणि दोघांच्याही दुखण्याला उतार पडतो.

मला ही गोष्ट फुलपाखराइतकीच मोलाची वाटते, कारण ती दिवसात उतरते. स्वप्नात जो झालात, त्याच्यासारखं कुणी जागेपणी समोर आलं तर तुमचा हात थोडा हलका पडायला हवा. नावाड्याच्या स्वप्नानंतर मी वॉर्डात गुडघ्यानं अडलेल्या म्हाताऱ्यांना ‘चला, उठा बरं’ म्हणत घाई करणं सोडलं. त्यांच्या उठण्याला लागणारा वेळ मला आतून माहीत होता. वहीत असं काहीच उतरत नसेल, तर ती नुसता छंद आहे आणि ठेवली नाही तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

काही गोष्टी जपून

दुःखात असलेल्या माणसाला ‘हे सगळं स्वप्नच’ कधीही ऐकवू नका. अठराव्या प्रकरणात बायको गेल्यावर च्वांग-त्सू भांडं बडवत गाताना दिसतो, ते सगळे सांगतात. पण मित्रानं जाब विचारल्यावर तो आधी कबूल करतो की ती गेली तेव्हा मलाही इतरांसारखंच दुःख झालं. रूपांतराचा विचार नंतर आला, आणि तो त्याचा त्याला आला.

या वहीसाठी झोप मोडू नका, गजर लावून स्वप्नं पकडू नका. ताओवादी परंपरेत झोपेबद्दल एकच एक मत नाही. त्यांच्या धर्मात ६० दिवसांच्या चक्रातल्या एका ठराविक रात्री जागरण करायची प्रथा होती, कारण शरीरातले तीन उपद्रवी जीव त्या रात्री माणूस झोपला की वर जाऊन त्याच्या पापांचा हिशेब देतात, अशी समजूत होती. उलट ह्वाशान पर्वतावरचा छन थ्वान, इ.स. ९८९ मध्ये वारलेला, झोपेचीच साधना करणारा म्हणून ओळखला जातो. तो महिनेच्या महिने झोपायचा अशा कथा आहेत. आणि च्वांग-त्सू स्वतः सहाव्या प्रकरणात म्हणतो की प्राचीन काळचे खरे पुरुष झोपेत स्वप्नच पाहत नसत आणि जागेपणी चिंता करत नसत. म्हणजे स्वप्नं जास्त पडावीत हे ध्येय नाही. वही कोरी राहिली तर झोप गाढ लागली असं समजा आणि कामाला लागा.

शेवटचं नर्स म्हणून सांगते. ‘मी म्हणजे नक्की कोण’ हा प्रश्न हलकं करणारा असेल तर ठीक. पण आपण आपल्यापासून तुटलोय, आजूबाजूचं खरंच नाही, असं जागेपणी सारखं वाटत असेल, त्याची भीती वाटत असेल, किंवा झोपच लागत नसेल, तर वही बंद करा आणि डॉक्टरांना भेटा. एखाद्या भयंकर प्रसंगानंतर तीच स्वप्नं पुन्हा पुन्हा येत असतील तर ‘समोरच्याला बोलू द्या’ हा भाग करूच नका. तिथे मदतीला माणूस हवा.

वाचनाचा क्रम विचाराल तर च्वांग-त्सूचं दुसरं प्रकरण आधी, पण हळू. ते अवघड आहे. त्याच्या सुरुवातीला मेजाला टेकून बसलेला, वाळलेल्या लाकडासारखा दिसणारा एक माणूस आहे, जो म्हणतो की आत्ता मी स्वतःला हरवून बसलो होतो. आणि शेवटी फुलपाखरू आहे. एकाच बैठकीत ही दोन टोकं वाचा, मधलं नंतर. मग चौथ्यातला सुतार, सहाव्यातला येन ह्वे, आणि मग लिए-त्सूचं तिसरं प्रकरण. अठराव्यात आणखी एक स्वप्न आहे: च्वांग-त्सू वाटेत सापडलेली कवटी उशाला घेऊन झोपतो, ती स्वप्नात येते, आणि पुन्हा जिवंत करून देऊ का म्हटल्यावर नको म्हणते. ते मन ताजं असेल अशा दिवशी वाचा, पाळी संपवून दमून आल्यावर नको.